कुरड्यांसकट उडालेला तंबू

आमच्या गार्गीनं जेवताना सहज विचारलं, "बाबा, मेच्या शेवटी आमच्या ऑफिसचा ग्रुप हिमालयात ट्रेकला चाललाय. एक जण गळालाय. येताय का?"

गार्गी नागपूरच्या मिहानमध्ये एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. तिथल्या मुलांना सुट्टी आली की कशावर तरी चढल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं ज्या सुरात विचारलं तो सूर पाहुण्याला 'अजून एक पोळी घ्या ना' म्हणतात, तो होता. पाहुण्यानं अशा वेळी पोटावर हात ठेवून 'नको, नको' म्हणायचं असतं. मी म्हणालो, "येतो."

माझी पत्नी प्रमोदिनी हिनं हातातली आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कोण येतंय?"

ती नुसतं हसली असती तर मी तिथेच माघार घेतली असती. पण त्या 'कोण'मध्ये काहीतरी होतं. सरकारी लेखा कार्यालयात मी उभी हयात बसून काढली आहे, आणि त्या बसण्याचा मोबदला म्हणून माझ्या पाठीचा एक मणका आपली जागा सोडून गेला आहे. तो नक्की कुठे गेला याबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही. एवढ्यावर मात्र सगळे सहमत आहेत, की मी हवं तितकं चालावं, पण पाठीवर शाळकरी पोराच्या दप्तराहून जास्त वजन घेऊ नये. आणि या ट्रेकला ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं असतं.

"मग तुम्हाला अल्ट्रालाइट सामान घ्यावं लागेल," गार्गी म्हणाली. आता मागे फिरता येणार नाही हे तिच्याही लक्षात आलं होतं. हे अल्ट्रालाइट म्हणजे अतिहलकं सामान. ते मोठ्या दुकानांत मिळत नाही. एकेकटी माणसं आपल्या घरी बसून तंबू आणि पाठपिशव्या शिवतात, मागणी आली तरच शिवतात, आणि दोऱ्याचंसुद्धा वजन करतात. गार्गीच्या ग्रुपला अशाच एका ठिकाणाहून सगळ्यांसाठी नवे तंबू घ्यायचे होते. तिनं मला त्यांची वेबसाइट उघडून दिली. वर बर्फाचा डोंगर, खाली केशरी ठिपक्याएवढा तंबू, आणि पत्त्याच्या जागी नुसतं 'टीम'. मी मनाशी चित्र रंगवलं, की हिमाचलात कुठेतरी देवदाराच्या झाडीत दाढीवाले पाच-सहा तरुण मशिनी चालवत बसले आहेत.

सॅक शिवायला या टीमला तुमच्या शर्टाचं माप नको असतं. मानेचं हाड ते कमरेचं हाड, एवढं अंतर हवं असतं. प्रमोदिनी टेप घेऊन माझ्यामागे बराच वेळ उभी राहिली. "कंबर सापडली," ती म्हणाली, "पण तुमची मान कुठे संपते ते कळत नाही." शेवटी शेजारच्या वच्छलाताईंना बोलावलं. त्यांनी माझ्या पाठीवर बोट रोवून "इथं असन" असा निकाल दिला, आणि ते माप मी इंग्रजीत, 'डिअर सर्स' अशा मायन्यासह रवाना केलं.

सामान यायला वेळ होता. तोवर टीमनं एक सूचना पाठवली होती: आपल्याजवळच्या प्रत्येक वस्तूचं वजन करा. ही सूचना त्यांनी माझ्यासारख्या माणसाला करायला नको होती. स्वयंपाकघरातला केकसाठीचा वजनकाटा मी दिवाणखान्यात आणला आणि घरातल्या वस्तू एकेक करून त्यावर ठेवू लागलो. चष्म्याचं घर चष्म्याहून जड निघालं. माझ्या दोन बनियनींच्या वजनात फरक निघाला, आणि त्याचं कारण शोधण्यात एक दुपार गेली. दात घासायच्या ब्रशचा अर्धा दांडा अनावश्यक आहे हे ध्यानात आल्यावर मी तो करवतीनं कापला. ब्रश प्रमोदिनीचा होता.

वच्छलाताईंचे यजमान मनोहरराव हे आमचे शेजारी. कुहीकडे त्यांची धानाची शेती आहे आणि निम्मा जीव अजून तिकडेच असतो. उरलेला निम्मा आमच्या दिवाणखान्यात असतो. त्यांनी मला काट्यापुढे बसलेलं पाहिलं.

"काय मोजून राहिले जी भाऊ?"

"हाफ चड्डी."

"काहून?"

मी त्यांना सगळं तत्त्व समजावून दिलं. दांडे कापणं, लेबलं काढणं, पिशव्यांच्या चेन उपटणं, सगळं. मनोहरराव शांतपणे ऐकत होते. मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली उतरली आणि माझ्या पोटापाशी येऊन थांबली.

"भाऊ, चड्डीतून किती निंगन? मूळ वजन त इथं हाय."

हा विचार मला सुचला नव्हता असं नाही. पण पोटाला लेबल नसतं.

बातमी पसरली तशी मदत येऊ लागली. वच्छलाताईंनी लोणच्याची बरणी आणून दिली; डोंगरात तोंडाला चव राहत नाही म्हणाल्या. बरणी चिनी मातीची होती आणि मी न्यायला काढलेल्या सगळ्या कपड्यांहून जड होती. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष इंदूबाई या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी हिमालयात काय करू नये यावर जिन्यातच माझा एक तास घेतला. त्या स्वतः कधी तिकडे गेलेल्या नाहीत, पण त्यांचा भूगोल पक्का आहे.

एके दिवशी पार्सल आलं. ते इतकं हलकं होतं की देणाऱ्या माणसानं कानाशी धरून हलवून पाहिलं आणि "काका, उघडून बघा, रिकामा तर नाही ना," असा सल्ला देऊन तो सावलीत उभा राहिला. आत सॅक होती, आणि सॅकच्या पोटात दुधी भोपळ्याएवढा गुंडाळलेला तंबू. मला कोण आनंद झाला.

या तंबूला स्वतःचा कणा नसतो. चालायच्या दोन काठ्या उभ्या करायच्या, त्यांवर कापड टाकायचं आणि चहूबाजूंनी दोऱ्या ताणून जमिनीत खुंट्या ठोकायच्या. कणा नसण्यावरून मी कुणाला नावं ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून ती व्यवस्था मी मान्य केली. अडचण एवढीच की सराव करायला गच्ची होती, आणि गच्चीत खुंटी शिरत नाही. मी एक दोरी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधली, दुसरी विटांच्या ढिगाला, तिसरी मनोहररावांच्या टीव्हीच्या डिशला. तंबू उभा राहिला. आत शिरून मी पाहतो तो खाली मनोहररावांच्या घरातून वच्छलाताईंचा आवाज आला, "अवं माय, मालिकाच गेली."

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या फळ्यावर इंदूबाईंच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: 'गच्चीवर कोणीही तात्पुरते वा कायमस्वरूपी बांधकाम करू नये.' मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की हे बांधकाम नसून कापड आहे.

"त्याला छप्पर आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"दार आहे?"

"चेन आहे."

"माणूस आत राहू शकतो?"

"वाकून."

"मग ते बांधकाम आहे," इंदूबाई म्हणाल्या. "सभेची परवानगी घ्या. सभा गणपतीच्या आधी होईल."

मी निमूट काठ्या काढल्या, कापड गच्चीवरच सपाट पसरून ठेवलं आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. सपाट बांधकामाला इंदूबाईंची हरकत असणार नव्हती. संध्याकाळी गुंडाळीन म्हणून मी कूलरपुढे आडवा झालो.

मे महिन्यात आमच्या गच्चीवरची रिकामी जागा वच्छलाताईंच्या नजरेतून सुटत नाही. त्यांचा गव्हाचा चीक शिजून तयार होता. वर येऊन पाहतात तो स्वच्छ, गुळगुळीत, ताणलेलं कापड. त्यांनी त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरड्या घातल्या. संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "भाऊजी, तुमची ताडपत्री लय कामाची. लुगड्यावर कुरडी चिकटते, याच्यावरून नुसती सरकते. कडेच्या विटा तेवढ्या आड येत होत्या, त्या मी काढून ठेवल्या."

"काढून ठेवल्या?" मी म्हणालो आणि जिना चढू लागलो.

मी शेवटच्या पायरीवर होतो तेव्हा वारा आला. दिवसभर तापून तापून संध्याकाळी एकदम सुटतो तसला, धूळ आणि निंबाचा पाला घेऊन येणारा. तंबू आधी पोटात हवा भरून फुगला, मग कठड्यावर क्षणभर टेकला, आणि वाळून खडखडीत झालेल्या कुरड्यांसकट मोठ्या डौलात निघून गेला. माझ्या हातात त्याची एक दोरी आली होती. ती त्यानं सोडवून घेतली. कुरड्या गल्लीभर पडत गेल्या. तंबू मात्र पडला नाही. तो कोपऱ्यावरच्या डीपीजवळ विजेच्या तारांवर जाऊन बसला, एक निळा चटका उडाला, आणि सगळ्या लायनीतले कूलर एकदम बंद झाले.

नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी कूलर बंद होणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. घराघरांतून माणसं बाहेर आली. हातात पुठ्ठे, वर्तमानपत्रं, सुपं, जे मिळेल ते हलवत सगळे वर पाहू लागले. तारांवर केशरी तंबू डोलत होता. कोणी म्हणालं पॅराशूट आहे. कोणी म्हणालं निवडणुकीचा फुगा आहे. इंदूबाईंनी फक्त एकदा वर पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"खांडवेकर," त्या म्हणाल्या, "हे तुमचंच ना?"

मी मान डोलावली. लोक मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी तास ते नुसते पुठ्ठा हलवत माझ्याकडे पाहत राहिले.

वायरमननं लांब बांबूनं तो तंबू खेचून काढला. त्यात तो एका जागी फाटला. तो घेऊन मी घरी येणार इतक्यात वायरमन म्हणाला की ऑफिसात येऊन कारण लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. टेबलापलीकडच्या गृहस्थांच्या कॉम्प्युटरवर कारणं आधीच ठरलेली होती: झाडाची फांदी, पतंग, पक्षी, माकड, बॅनर. तंबू नव्हता.

"बॅनर टाकू?" त्यांनी विचारलं.

"मी कुठल्याही पक्षाचा नाही हो."

"मग तंबू कशाचा? लग्नाचा?"

"माझा स्वतःचा. आत झोपायचा."

त्यांनी टायपिंग थांबवलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही थांबवलं. "गच्चीवर झोपता तुम्ही? तंबूत?" गृहस्थांनी आवाज खाली आणला. "घरी काही वाद वगैरे झालाय का, काका?"

नाही म्हणून मी जितकं समजावलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. त्यांनी 'माकड' लिहिलं. "यात तुमचं नाव येत नाही," ते आपुलकीनं म्हणाले. निघताना त्या बाई म्हणाल्या, "होतं हो असं या वयात. दोन दिवसांत सगळं ठीक होते."

मी घरी आलो तो धुमसत. माणसाचा असा अपमान झाला की त्याचा राग कुणावर तरी काढावा लागतो. वच्छलाताईंवर काढता येत नव्हता, कारण त्यांच्या वर्षभराच्या कुरड्या गेल्या होत्या आणि तरी त्या मला दोष देत नव्हत्या. वाऱ्यावर काढण्यात अर्थ नव्हता. उरली ती हिमाचलातली दाढीवाली टीम. त्यांच्या वेबसाइटवर अभिप्राय लिहायची सोय होती. आधीच्या लोकांनी 'मस्त', 'खूप हलकं' असं एकेक ओळीत आटपलं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हिशेबांवर आक्षेप लिहिले आहेत, आणि ते कसे लिहावेत हे नव्या लोकांना मी शिकवत असे. मी दीड पान लिहिलं. 'सदर तंबू प्रथम वापरातच निवासस्थान सोडून गेला' अशी सुरुवात होती, आणि शेवटी 'खरेदीदारांनी योग्य तो बोध घ्यावा' असं होतं. सगळं इंग्रजीत. फार दिवसांनी हाताला तशी लय सापडली होती. त्या दुपारी मला छान झोप लागली.

शनिवारी गार्गी आली ती चप्पल न काढता आत आली.

"बाबा, काय लिहून ठेवलंत तुम्ही? ग्रुपमधल्या सगळ्यांनी वाचलं. त्यांनी तंबूंची ऑर्डर रद्द केली. त्या वैभवीची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर होती ती."

"कोण वैभवी?"

"तुमचा तंबू जिनं शिवला ती."

"आणि टीम?"

"तीच टीम. खापरखेड्याला राहते. तिचा नवरा पॉवर स्टेशनमध्ये आहे, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये बसून शिवते ती."

खापरखेडा आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. माझे देवदार एकेक करून कोसळले. दाढीवाल्या सहा तरुणांवर आक्षेप लिहिताना काही वाटत नाही, पण एका मुलीवर दीड पान म्हणजे जरा जास्तच झालं, असं मला वाटू लागलं. प्रमोदिनीनं फाटका तंबू घडी करून पिशवीत भरला, पर्स घेतली आणि दारात जाऊन उभी राहिली.

क्वार्टरच्या मागे पॉवर स्टेशनच्या चिमण्या दिसत होत्या. पुढच्या खोलीत दोन मशिनी, कापडाचे ताव, आणि भिंतीवर अर्धवट शिवलेल्या सॅका टांगलेल्या. वैभवी म्हणजे बुटकीशी, गार्गीएवढीच मुलगी. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा जरा उतरला, पण तिनं आधी पाणी आणलं, मग पंख्याचं तोंड आमच्याकडे वळवलं आणि मगच तंबू हातात घेतला. ती एकेक शिवण बोटानं चाचपत गेली.

"शिवण कुठंच उसवली नाही, काकाजी," ती शेवटी म्हणाली. "कापड फाटलं ते कशानं तरी टोचून."

"बांबूनं," मी म्हणालो.

"आणि उडाला तवा खुंट्या ठोकल्या होत्या?"

"गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत."

"मंग बांधला कशाले होता?"

मी प्रमोदिनीकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती. "बांधलेला नव्हता," मी म्हणालो. "त्यावर कुरड्या होत्या."

वैभवीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करत नाही याची खात्री झाल्यावर तिला हसू आलं, आणि ते तिनं कापडात तोंड घालून लपवलं. मी तिथल्या तिथे अभिप्राय काढून टाकतो म्हणालो, खिशातून फोनही काढला.

"नका काढू," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "काढला त लोक म्हणतीन, हिनं सांगून काढाले लावला. हा तंबू माह्या हातचा पयलाच हाय, आतापर्यंत मी सॅकच शिवल्या. कॉलेजात असताना मी ट्रेकले जायची तवा उसनी सॅक न्यायची. ती एवढी मोठी असे का मागून फक्त सॅकच चालताना दिसे. म्हणून हे सुरू केलं. तुम्ही मोकळ्या जागेत नीट लावा, वाऱ्यात बसा, आणि जे होईन ते लिहा. उडाला त उडाला लिहा."

हे बोलणं चाललं असताना प्रमोदिनी भिंतीजवळ गेली होती. तिनं एक सॅक उतरवून पाठीला लावली आणि अंगणात दोन-चार फेऱ्या मारल्या. "अगं, काही घातलंय असं वाटतच नाही," ती वैभवीला म्हणाली. वैभवीनं जाऊन तिचे पट्टे जरा आवळले. त्या दोघी बराच वेळ खांद्यांबद्दल बोलत राहिल्या. मला कुणी काही विचारलं नाही.

मोकळी जागा मनोहररावांनी दिली. "माह्या कुहीच्या बांधीत लावा. वारा पायजे न? तिथं वाऱ्याले अडवाले कोणीच नाही." रविवारी आम्ही सगळे तिकडे गेलो. वैभवी तंबूला ठिगळ लावून तो तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर घेऊन आली. गार्गीच्या ऑफिसातली मुलं गाडी करून आली, बहुधा तंबू उडताना पाहायला मिळेल म्हणून. वच्छलाताईंनी बांधावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर करून त्यात कणकेचे पानगे भाजायला घातले आणि वांग्याची भाजी चुलीवर चढवली, त्यामुळे शास्त्रीय परीक्षेला जरा सहलीचं रूप आलं.

बांधी म्हणजे धानाचं शेत; उन्हाळ्यात त्याची फरशी होते. खुंटी शिरेना. मनोहररावांनी तेवढ्या जागेवर घागरीनं पाणी ओतलं आणि थोडा वेळ मुरू दिलं. मग वैभवीनं माझ्याकडून एकेक खुंटी ठोकून घेतली. ती तिरपी ठोकायची असते हे मला तेव्हा कळलं. दोऱ्या ताणल्यावर तंबू सतारीसारखा वाजू लागला. मी आत शिरलो, पालथा पडून तोंड दाराकडे केलं आणि वाऱ्याची वाट पाहू लागलो. मुलं झाडाखाली बसून माझ्याकडे पाहत होती. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला काय वाटत असेल याची मला कल्पना आली.

दुपार उतरली आणि पूर्वेकडून काळं आभाळ आलं.

"वावधन आलं गा," मनोहरराव ओरडले आणि सगळ्यांनी आपापली ताटं उचलून गाडीकडे पळ काढला.

ते वादळ मी आतून पाहिलं. धूळ इतकी की हातभर अंतरावरचं दिसेना. मग टपोऱ्या गारांचे चार-दोन फटके. कापड छातीसारखं आत-बाहेर होत होतं, काठ्या कुरकुरत होत्या, आणि मी दोन्ही हातांनी काहीतरी धरून ठेवावं म्हणून शेवटी स्वतःलाच धरून पडलो होतो. पण खुंट्या हलल्या नाहीत. वारा जसा आला तसा गेला. मनोहररावांच्या गोठ्यावरचे दोन पत्रे पलीकडच्या शेतात जाऊन पडले होते. तंबू जागेवर होता. बाहेर टाळ्या वाजल्या. मला भरून आलं. बाहेर येऊन दोन शब्द बोलावेत म्हणून मी उत्साहानं उठलो, आणि पाठीत उसण भरली.

"बाबा, या ना बाहेर," गार्गी म्हणाली.

"येत नाही," मी म्हणालो.

आधी त्यांना वाटलं मला तंबू इतका आवडला. मग मी कण्हलो. मला ओढून पाहिलं, तर मी ओरडलो. दार जेमतेम हातभर, आणि माझी पाठ हलायला तयार नाही. शेवटी वैभवीनं दोऱ्या सोडल्या, काठ्या काढल्या आणि अख्खा तंबूच माझ्यावरून उतरवून घेतला. कुहीच्या बांधीत ऐन चिखलात मी ओणवा, हात पुढे करून, कुणाला तरी नमस्कार करत असल्यासारखा स्थिर होतो. दोघातिघांनी फोटो काढले. मी ते पाहिलं.

"ट्रॅक्टर आणू का?" मनोहररावांनी विचारलं.

गाडी बांधापलीकडे होती. तिथवर मला न्यायला खाट नव्हती, म्हणून त्या मुलांनी तंबूचंच कापड खाली पसरलं, मला त्यावर कलतं केलं आणि चारी बाजूंनी धरून उचललं. चालताना वैभवी माझ्याकडे नव्हे, कापडाकडे पाहत होती. मी काही अल्ट्रालाइट नाही. मधे एकदा पुढच्या पोराचा पाय घसरला आणि सगळा भार एका शिवणीवर आला. वैभवीनं श्वास रोखला. शिवण टिकली.

"हे कापड जबरी आहे यार," तो पोरगा गाडीपाशी मला ठेवता ठेवता म्हणाला. त्याच संध्याकाळी सगळ्यांनी तंबूंची ऑर्डर पुन्हा दिली. मी अंथरुणावर पडल्या पडल्या दुसरा अभिप्राय लिहिला. हा पहिल्याहून लांब झाला, आणि 'सदर कापडाने खरेदीदाराचे संपूर्ण वजन पेलले' हे वाक्य मी मन घट्ट करून त्यात ठेवलं.

डॉक्टरांनी मला हलायची बंदी केली. जागा एक, तिकीट काढलेलं, सॅक तयार. घरात यावर चर्चा झाली नाही. एका सकाळी मी डोळे उघडले तेव्हा प्रमोदिनी त्या सॅकमधून माझ्या बनियनी काढून तिचे कपडे भरत होती. पट्टे वैभवीनं कमी करून दिले होते. तिच्या पाठीवर ती सॅक अशी बसली की जणू माप तिचंच घेतलं होतं. "तुम्हाला वाईट वाटत नाही ना?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. ते निम्मं खोटं होतं. तिला एवढी घाई झालेली मी कधी पाहिली नव्हती, आणि उरलेलं निम्मं त्यामुळे खरं होतं.

ती गेल्यावर मनोहरराव दोन्ही वेळा डबा घेऊन येत आणि माझी पाठ शेकत. डोंगरात फोन लागत नव्हता. एका सकाळी अचानक लागला. माझे हात उशीखाली होते, म्हणून मनोहररावांनी फोन स्पीकरवर टाकून माझ्या कानाशी ठेवला.

"अहो, कशी आहे पाठ?" प्रमोदिनीचा आवाज मोकळा, थंडीनं जरा बसलेला. तिनं बर्फाचं सांगितलं, नदीचं सांगितलं, गार्गी मागे राहते आणि तिला थांबावं लागतं हेही सांगितलं. मग थोडी थांबली.

"एक सांगू का? इतकी वर्षं मला झोपेचा त्रास आहे म्हणून औषध घेतेय ना, मला काही आजारबिजार नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे तंबूत आडवं झालं की एकदम सकाळ. बाहेर वारा कितीही घोंगावू दे. वारा एका सुरात असतो हो. तुमच्या घोरण्याचं तसं नाही. तुमचं मधेच थांबतं, आणि मी आता पुन्हा कधी सुरू होणार म्हणून जागी."

मनोहरराव शेकायची पिशवी तशीच धरून छताकडे पाहू लागले.

"बरं, ऐका," ती पुढे म्हणाली, "ही मुलं दिवाळीनंतर पुन्हा निघणार आहेत. मी नाव दिलंय." फोनमध्ये वाऱ्याचा आवाज आला. "तुमचंही दिलंय. तोवर पाठ बरी होईल. मला इथलं एकटीनं बघायला नाही आवडत."

"प्रमोदिनी, अगं," मी म्हणालो.

"फक्त तंबू दोन घ्यायचे," ती म्हणाली. "आणि जरा लांब लांब लावायचे."

मनोहररावांनी फोन ठेवला आणि न विचारता वैभवीचा नंबर लावून दिला.

"बोला काकाजी. अजून एक पायजे? किती वजनाचा शिवू?"

"वजनाचं जाऊ दे," मी म्हणालो. "कापडातून आवाज किती बाहेर जातो, ते आधी सांग."